चेन्नईचे मैदान आणि पाहुणी स्पर्धा

टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा एखाद्या नगरीच्या नावाने ओळखली जाते. परंतु ती त्या नगरीच्या मालकीची असतेच असे नाही. जागतिक वेळापत्रकात प्रत्येक स्पर्धेला एक आठवडा नेमून दिलेला असतो. तो भरविण्याचा परवाना ज्याच्या हाती असतो, तो सोयीची नगरी पाहून करार करतो. करार संपला की स्पर्धा गाव बदलते. चेन्नई ओपनचा इतिहास हेच सांगतो.

पुरुषांची ही स्पर्धा 1996 साली दिल्लीत सुरू झाली आणि 1997 मध्ये चेन्नईच्या नुंगम्बाक्कम भागातील मैदानावर आली. ज्या नगरीने रामनाथन कृष्णन आणि अमृतराज बंधू यांना घडविले, तिला हा खेळ परका नव्हता. 2008 च्या उपान्त्य सामन्यात राफाएल नदाल आणि कार्लोस मोया सुमारे चार तास झुंजले. नदाल जिंकला, पण दुसऱ्या दिवशी थकल्या अंगाने तो मिखाईल युझ्नीकडून 6-0, 6-1 असा हरला. स्टॅन वावरिंकाने येथे चार वेळा अजिंक्यपद मिळविले.

तथापि अशा स्पर्धेचे खरे मोल परदेशी विजेत्यांच्या यादीत नसते. यजमानांना काही जागा राखून ठेवता येतात आणि स्थानिक खेळाडूला परदेशवारीच्या खर्चावाचून नामवंतांशी गाठ घेता येते. 2009 मध्ये अशाच राखीव जागेतून उतरलेल्या सोमदेव देववर्मनने मोयाला नमवून अंतिम फेरी गाठली. तेथे मारिन चिलिचने त्याला हरविले. पण भारतीय खेळाडूची पात्रता सिद्ध झाली.

2017 नंतर स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत गेली. चेन्नईची हानी महाराष्ट्राच्या लाभाची ठरली, पण तो लाभही टिकला नाही. 2023 नंतर पुण्यातूनही ती गेली. चेन्नईचे मैदान मात्र ओसाड पडले नाही. सप्टेंबर 2022 मध्ये तेथे महिलांची स्पर्धा भरली आणि सतरा वर्षांची लिंडा फ्रुहविर्तोवा विजयी झाली. भारताच्या करमनकौर थांडीने त्या वेळी पहिली फेरी जिंकली. 2025 मध्ये इंडोनेशियाच्या जॅनिस जेनने तेथेच अजिंक्यपद मिळविले.

परवाना फिरता असतो. मैदान, प्रेक्षक आणि खेळाची आवड जेथे जपली जाते, तेथे नव्या स्पर्धेला जागा सापडते. पुण्यालाही हाच मार्ग मोकळा आहे.