हेवी मेटल आणि डेथ मेटल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हेवी मेटल हा रॉक संगीताचा प्रकार १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आकाराला आला. त्याचीच एक शाखा असलेले डेथ मेटल १९८० च्या दशकात अमेरिकेत जन्मले. मुंबईत हे संगीत १९८० च्या दशकापासून वाजते आहे. तरीही महाराष्ट्रात त्याची ओळख बहुतेकदा काळे टी-शर्ट, कवट्यांची चित्रे आणि कानठळ्या बसवणारा आवाज एवढ्यावरच थांबते. त्यातून रुजलेल्या काही गैरसमजांची ही छाननी.

गैरसमज १ : हे श्रीमंतांच्या मुलांचे खूळ आहे.

वस्तुस्थिती : हेवी मेटल कामगार वस्तीत जन्मले. धातुकामाच्या कारखान्यांवर पोसलेल्या बर्मिंगहॅम शहरात ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या १७ व्या वर्षी, तिथल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या आणि हलक्या तारा चढवल्या. पुढे त्याने तारांचा ताण उतरवून गिटार खालच्या पट्टीत लावली. मेटलचा जड, खोल नाद घडण्यात या तडजोडीचा मोठा वाटा आहे. गायक ऑझी ऑस्बोर्न यानेही आधी कत्तलखान्यात काम केले होते. या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला आणि हेवी मेटलचा आरंभ साधारणपणे तिथूनच मोजला जातो. लेड झेपलिन व डीप पर्पल या समकालीन बँडनीही या शैलीला बळ दिले. बर्मिंगहॅमच्याच जुडास प्रीस्टने दोन गिटारींची जुगलबंदी आणि चामड्याचा पोशाख रूढ केला.

गैरसमज २ : हा नुसता गोंगाट आहे, त्यात संगीत नाही.

वस्तुस्थिती : मेटलचा पाया शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला परिचित आहे. गिटारचा ध्वनी यंत्रणेतून मुद्दाम विकृत केला की त्यात अनेक उपस्वर मिसळतात. अशा वेळी गंधारासह पूर्ण स्वरसंघात वाजवला तर उपस्वर एकमेकांत अडकून नाद गढूळ होतो. म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच स्वर एकत्र छेडतात. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्यातही हीच स्वरजोडी घुमते. या जोडस्वरांतून बांधलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वराकृतीला रिफ म्हणतात. गाण्याची इमारत रिफवर उभी असते.

डेथ मेटलमध्ये ही रचना आणखी गुंतागुंतीची होते. एकाच गाण्यात लय अनेकदा बदलते आणि रिफमागून रिफ येत राहतात. ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. ब्लास्ट बीट या अतिद्रुत ठेक्यात हात आणि पाय मिळून सलग, समान अंतराचे आघात करतात. हा ठेका न डळमळता तोलून धरायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो.

गैरसमज ३ : हेवी मेटल, डेथ मेटल, ब्लॅक मेटल सगळे एकच.

वस्तुस्थिती : प्रत्येकाचा काळ, प्रदेश आणि बाज वेगळा आहे. १९७० च्या दशकाअखेर इंग्लंडमध्ये आयर्न मेडनसारख्या बँडची नवी लाट आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेटॅलिका, स्लेअर यांनी तिला वेग देऊन थ्रॅश मेटल घडवले. थ्रॅशच्या पुढचे पाऊल म्हणजे डेथ मेटल. कॅलिफोर्नियाच्या पझेस्ड बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) आणि फ्लोरिडाच्या डेथ बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ (१९८७) हे त्याचे आरंभीचे टप्पे. डेथचा संस्थापक चक शुल्डिनर तेव्हा विशीत होता. पुढे ‘ह्यूमन’ (१९९१), ‘सिम्बॉलिक’ (१९९५) या अल्बममध्ये त्याने रक्तपाताचे विषय सोडून माणसाचे मन, विश्वासघात, स्मृती यांवर लिहिले आणि रचना अवघड, सुरेल केल्या. मेंदूतील गाठीच्या आजाराने २००१ मध्ये, ३४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

टँपा येथील मॉरीसाउंड स्टुडिओत मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डीसाइड यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि फ्लोरिडा डेथ मेटलचे केंद्र बनले. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये एन्टूम्ड बँडने ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) मधून करवतीसारख्या गिटार-नादाची स्वीडिश शैली रुळवली. ब्लॅक मेटल हा आणखी वेगळा प्रवाह आहे. नॉर्वेत १९९२ पासून चर्चना आगी लावण्याच्या ज्या घटना घडल्या, त्या तेथील ब्लॅक मेटल वर्तुळातील काही व्यक्तींनी घडवल्या होत्या. त्यांचा ठपका डेथ मेटलवर किंवा अख्ख्या मेटलवर ठेवणे चुकीचे आहे.

गैरसमज ४ : हे सैतानाच्या पूजेचे संगीत आहे.

वस्तुस्थिती : ब्लॅक सॅबथने भयपटांचे वातावरण संगीतात आणले. पण बँडचे बहुतेक गीतलेखन करणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढला होता आणि त्याच्या गीतांत युद्ध, व्यसन आणि अणुसंहाराची धास्ती दिसते. काही बँडनी सैतानी प्रतिमा उघडपणे वापरल्या, हेही खरे. मात्र बहुतेक ठिकाणी त्या भयकथेतल्यासारख्या, परिणाम साधण्यासाठी येतात. तर्जनी आणि करंगळी उभारण्याची मेटलमधील खूण गायक रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. दृष्ट टाळण्यासाठी ती करणाऱ्या आपल्या इटालियन आजीकडून ती उचलल्याचे तो सांगत असे.

ब्लॅक सॅबथच्या पहिल्याच गाण्यात षड्ज आणि तीव्र मध्यम यांचे अंतर ठळकपणे येते. हे ‘सैतानाचे’ अंतर चर्चने मध्ययुगात निषिद्ध ठरवले होते, अशी गोष्ट सांगितली जाते. युरोपीय संगीतकार ते कठीण समजून टाळत, पण चर्चने तशी बंदी घातल्याचा पुरावा सापडत नाही. यमन रागात हाच तीव्र मध्यम प्रसन्न वाटतो. भय किंवा शांती स्वरांच्या मांडणीतून येते, एकट्या अंतरात ती नसते.

गैरसमज ५ : गायक फक्त घसा फाडून ओरडतात.

वस्तुस्थिती : डिओ किंवा आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन यांसारखे गायक मोकळ्या, उंच आवाजात गात आले आहेत. डेथ मेटलमधील गुरगुरीला ग्रोल म्हणतात. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या मांसल घड्यांना कंप दिला जातो. श्वासावरचा ताबा आणि माइकची जवळीक यांमुळे आवाज प्रत्यक्षापेक्षा प्रचंड भासतो. रशियातील तुवा प्रदेशाच्या पारंपरिक कंठगायनाचा खर्जातील प्रकारही याच घड्या वापरतो. तंत्र न शिकता नक्कल केल्यास मात्र घशाला इजा होऊ शकते.

गैरसमज ६ : ऐकणारे हिंसक बनतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील रेनो येथे दोन तरुणांच्या आत्मघाताच्या प्रयत्नास जुडास प्रीस्टच्या अल्बममधील छुपे संदेश कारणीभूत असल्याचा दावा कुटुंबीयांनी केला होता. १९९० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. ऑस्ट्रेलियातील मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डेथ मेटलचे चाहते आणि इतर श्रोते यांची तुलना केली. हिंसक दृश्यांबाबत चाहत्यांची संवेदनशीलता बोथट झाल्याचे त्यात आढळले नाही. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, हे संगीत ऐकताना चाहत्यांना प्रामुख्याने आनंद आणि बळ जाणवते, असे दिसले होते.

गैरसमज ७ : आपल्याकडे हे संगीत कुणी करत नाही.

वस्तुस्थिती : मुंबईत १९८४ मध्ये रॉक मशीन हा हार्ड रॉक बँड स्थापन झाला. गिटारवादक महेश तिनईकर त्याच्या संस्थापकांपैकी एक. १९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि नव्या बँडना हक्काचा मंच मिळाला. पुढे हा परिसर शांतता क्षेत्रात आल्याने तेथील मैफली थांबल्या.

साहिल मखिजाने २००० मध्ये मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन स्थापन केला. या बँडला २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा जागतिक मेटल पुरस्कार मिळाला. दक्षिण कोकणात लोकनाट्याने घरोघरी पोचवलेल्या दशावतारांवर याच बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम काढला. मुंबईचेच भयानक मौत, गटस्लिट आणि झिग्नेमा हे बँडही नावारूपाला आले. जिमी भोरे गायक असलेल्या झिग्नेमाने २०११ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात कला सादर केली. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईतून केली. त्या दौऱ्याचे विमान स्वतः डिकिन्सन चालवत असे. मुंबईचे हे बँड आणि त्यांचे श्रोते यांमुळे महाराष्ट्राचे नाव जागतिक मेटलच्या नकाशावर आहे.