नामचे ते तेंगबोचे : ४२० मीटरचा हिशेब

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजार ३४४० मीटरवर, तेंगबोचे ३८६० मीटरवर. वजाबाकी ४२०. 'आज काय, सिंहगडाएवढाही चढ नाही,' म्हणत आपली मंडळी सकाळी निघतात.

पाय वजाबाकी मानत नाहीत. नामचे सोडल्यावर वाट बराच वेळ डोंगराच्या कडेकडेनं आरामात जाते, आणि मग थेट दूधकोशी नदीपर्यंत उतरते. तिथलं फुंकी टेंगा ३२५० मीटरवर आहे, म्हणजे नामचेच्याही खाली! खरा चढ तिथून, सलग ६०० मीटर. दुपारचं जेवण बहुतेक जण नदीकाठीच उरकतात. दालभात तिथे पुन्हा पुन्हा वाढतात. जरा बेतानं घ्यावा.

'दर रविवारी गड चढतो, मला उंची काय बाधणार?' हा गैरसमज जास्त महागात पडतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे नामचेच्या निम्मीही नाही. सह्याद्रीनं मांड्या घट्ट होतात; विरळ हवेची सवय तिथे होत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर जातो आणि आधी आजारी पडतो.

वर हवेत ऑक्सिजनचा टक्का घटतो, हेही खरं नाही. तो तिथेही २१च असतो. घटतो तो हवेचा दाब, नामचेला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश; म्हणून प्रत्येक श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो. आता विरळ हवेवर उपाय म्हणून खिशात ठेवतात ती कापराची पुरचुंडी. तिच्या वासानं नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. खिशात असू द्या, पण डोकं ठणकत असताना, मळमळत असताना ती हुंगत पुढे चढू नका. तिथे थांबायचं, त्रास वाढला तर खाली उतरायचं, रात्र असली तरी.

आणि ते ४२० अगदीच फसवं नाही. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे. पायांसाठी चुकलेला आकडा शरीराच्या जुळवणीसाठी बरोबर ठरतो. तेंगबोचेला पोचून 'अजून उजेड आहे, पुढे जाऊ' म्हणणाऱ्याला हेच सांगायचं.

एव्हरेस्ट मात्र आजच डोळे भरून पाहा. नुप्त्से-ल्होत्सेच्या भिंतीमागून डोकावणारं ते काळं टोक या वाटेवरून दिसतं. बेस कॅम्पवरून शिखर दिसतच नाही.