घरगुती डीव्हीडीची रचना, तिचा मेनू व त्यांतील दोषांचा परिहार

या त्रैमासिकाच्या वाचकांस विषयाचें नांव पाहून क्षणभर आश्चर्य वाटेल. पोथ्या, बखरी व दप्तरें यांच्या पंक्तीस डीव्हीडी या वस्तूस बसविण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीहि करील. प्रयोजन इतकेंच कीं, गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घराघरांतून जें पाहण्याऐकण्याजोगें सांठलें, त्याचा मोठा भाग या तबकड्यांवर उतरलेला आहे, व जुन्या रुमालांबरोबरच या तबकड्याहि आतां संग्राहकांच्या हातीं येऊं लागल्या आहेत.

इंदापूर तालुक्यांतील कळंब गांवाचेंच उदाहरण घ्यावें. जवळ वालचंदनगरचा कारखाना. अलीकडे बेलवाडी, जेथें तुकोबारायांच्या पालखीचें गोल रिंगण होतें. या पट्ट्यांतील घरांतून रिंगणाचीं, कीर्तनांचीं, लग्नकार्यांचीं व वृद्ध स्त्रियांच्या ओव्यांचीं मुद्रणें प्रथम फितींवर झालीं व पुढें तबकड्यांवर गेलीं. जात्यावरील ओव्यांचें मोल काय आहे, हें हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून दाखवून दिलेंच आहे. ज्या ओव्या अशा संग्रहांत आल्या नाहींत, त्यांचा एकमेव आधार कित्येकदां घरांतील एखादी तबकडीच असते. ती नीट बांधलेली नसेल तर गाणारीच्या मागें तिचा आवाजहि गेला असें समजावें. म्हणून ही तबकडी कशी बांधतात, बांधतांना कोणते दोष उत्पन्न होतात व त्यांचा परिहार कसा करावा, याचें विवेचन येथें योजिलें आहे.

१. अंतर्रचना

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरांत प्रथम जपानांत विक्रीस आली. चित्र दाखविणाऱ्या तबकडीच्या मुळाशीं ‘व्हिडिओ-टीएस’ नांवाचा फोल्डर असतो; सोबत ‘ऑडिओ-टीएस’ हा दुसरा फोल्डर बहुधा रिकामाच आढळतो. तो निरुपयोगी समजून काढूं नये. कांहीं जुनीं यंत्रें त्याची अपेक्षा करितात. पहिल्या फोल्डरांत तीन जातींच्या फाइली असतात. व्हीओबी या फाइली म्हणजे पोथीचीं पानें. चित्र, ध्वनि व उपचित्र हीं तीनहि त्यांत एकत्र गुंफलेलीं असतात. आयएफओ ही फाइल म्हणजे अनुक्रमणिका व वाचनाची आज्ञा: कोणतें पान कोणत्या पानानंतर, कोणतें बटण दाबल्यास कोठें जावें, हें सर्व तिच्यांत असतें. बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेचीच दुसरी प्रत होय. एक प्रत ओरखड्यानें गेली तर दुसरी असावी, ही योजना आपल्या कारकुनांच्या स्थळप्रतीसारखीच आहे.

एक व्हीओबी एक गिगाबाइटहून मोठी करितां येत नाहीं. म्हणून दोन तासांचें कीर्तन चार-पांच तुकड्यांत विभागलेलें दिसतें. शून्य अंकाची व्हीओबी मेनूची, एकपासूनच्या मुख्य विषयाच्या. ज्यांनीं केवळ मोठ्या फाइली संगणकावर उतरून घेतल्या व लहान आयएफओ टाकून दिल्या, त्यांच्या हातीं सुटीं पानें उरलीं, अनुक्रम गेला. तबकडीची नक्कल घ्यावयाची ती सबंध फोल्डराची, किंवा त्याहून उत्तम म्हणजे आयएसओ या सबंध प्रतिमेची घ्यावी.

२. प्रमाणभेदाचे दोष

आपल्या देशांतील दूरचित्रवाणीचें प्रमाण पॅल: चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचें, सेकंदास २५ चित्रें. अमेरिकेंतील एनटीएससी प्रमाणांत ७२० × ४८० ठिपके व सेकंदास सुमारें २९.९७ चित्रें. परदेशांतील नातलगांकडून आलेली फीत व येथील फीत एकाच तबकडींत घालूं गेल्यास प्रोग्रॅम अडतो, अथवा चित्र अडखळत चालतें. डीव्हीडीऑथर या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या तर प्रमाण स्पष्ट न सांगितल्यास काम सुरूच करीत नाहींत. त्या वेळीं इतर कोठें दोष शोधण्यापूर्वीं पॅल हें प्रमाण नमूद केलें आहे काय, तें पाहावें.

ध्वनीचा दोष याहून फसवा आहे. संगीताच्या सीडीचा ध्वनि सेकंदास ४४,१०० नमुन्यांचा असतो, चित्रतबकडीस सर्वसाधारण ४८,००० लागतात. ओव्यांची कॅसेट पहिल्या मापानें उतरवून, रूपांतर न करितां केवळ दुसऱ्या मापाचें नांव दिलें, तर तासाभराचें गाणें ५५ मिनिटें ७ सेकंदांत संपतें व गाणारीचा स्वर चढतो. ऐकणारास दोष कळेलच असें नाहीं. तो म्हणेल, आजीचा आवाज असाच बारीक असेल. संशोधनाच्या दृष्टीनें हा पाठभेद नसून पाठभ्रंश होय. यथार्थ रूपांतर करणें हाच त्यास उपाय.

तिसरा दोष चित्राच्या ओळींचा. पॅल पद्धतींत एक चित्र दोन अर्ध्यांनीं बनतें, सम ओळींचें एक व विषम ओळींचें दुसरें. डीव्ही फितींत खालच्या ओळींचें अर्ध प्रथम येतें. तबकडी बांधतांना वरचें प्रथम असें चुकून नोंदलें, तर स्थिर चित्रांत कांहींच बिघडत नाहीं. परंतु रिंगणांतील अश्व धांवूं लागतांच मागें-पुढें थरथरतांना दिसतो. असें दिसल्यास कॅमेऱ्यास दोष न देतां ओळींचा क्रम बदलून पुनः बांधणी करावी.

३. जागेचा हिशेब

एकथरी तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आंकडा ४.३७ गिगाबाइट असा दाखवितो, कारण त्याची मोजणी १,०२४ च्या पटींत चालते. यांतून तबकडी लहान निघाली असा गैरसमज होतो. हिशेब असा: ४.७ अब्जास ८ नें गुणिलें म्हणजे ३७.६ अब्ज बिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागिलें असतां सेकंदास सुमारें ५२ लाख बिट येतात. त्यांतून ध्वनि व गुंफणीचा खर्च वजा जातां चित्रास सुमारें ४६ लाख राहतात. तीन तास कोंबूं गेल्यास हाच आंकडा ३० लाखांवर येतो, व धूळ, पताका व गर्दी यांनीं भरलेलें रिंगण चौकोनी ठिगळांनीं फुटतें. उलट थोडाच मजकूर आहे म्हणून प्रवाह अमर्याद वाढवूंहि नये. चित्राची कमाल मर्यादा सेकंदास ९८ लाख बिट आहे, व तिच्या कांठावर बांधलेली तबकडी जुन्या यंत्रांत थबकते. सुमारें दीड तासास एक तबकडी, हें माप आम्हांस सर्वांत सोयीचें वाटतें.

४. मेनूचे दोष

मेनू म्हणजे तबकडी उघडतांच दिसणारी अनुक्रमणिका. ती दोन थरांची असते. खालीं पार्श्वचित्र, त्यावर उपचित्राचा थर, जो निवडलेलें बटण उजळतो. या वरच्या थरांत अवघे चार रंग चालतात, व त्यांत पारदर्शक भागहि धरावा लागतो. आपल्या लिपीची शिरोरेषा मऊ कडांनीं काढून त्या थरांत घातली, तर मधल्या छटांमुळें रंग चारांहून अधिक होतात व प्रोग्रॅम चित्र नाकारतो, किंवा अक्षरांच्या कडा करवतीसारख्या निघतात. म्हणून अक्षरें पार्श्वचित्रांत लिहावीं व उपचित्रांत केवळ एखादी रेघ, चौकट वा ठिपका ठेवावा.

अक्षरांचा दुसरा घोटाळा असा कीं, जुन्या प्रोग्रॅमांस जोडाक्षरें साधत नाहींत. वेलांटी भलत्या अक्षरापाशीं जाते, हलन्ताचीं चिन्हें उघडीं पडतात. मोडी लिपीस तर युनिकोडांत स्थानच २०१४ मध्यें मिळालें. यासाठीं मथळे अन्यत्र शुद्ध लिहून घ्यावे व तें चित्रच मेनूंत घालावें. फाइलींचीं नांवें मात्र रोमी अक्षरांत, लहान व जागा न सोडतां द्यावीं. देवनागरी नांवामुळें फाइल सांपडत नसल्याचा दोष याच उपायानें जातो.

पार्श्वचित्र तयार करितांना आणखी एक ध्यानांत ठेवावें. संगणकाचे ठिपके चौरस, डीव्हीडीचे तसे नसतात. चित्र प्रथम ७६८ × ५७६ मापानें काढून शेवटीं ७२० × ५७६ करावें. नाहींतर मोहोर वा शिक्का यांचें वर्तुळ अंडाकृति दिसतें. जुन्या दूरचित्रवाणी संचांत चित्राच्या कडा कांचेआड जातात, म्हणून चहूंबाजूंस दहावा हिस्सा मोकळा सोडावा.

बटणांसंबंधीं तीन नियम पुरे आहेत. दोन बटणांचे चौकोन एकमेकांवर येऊं देऊं नयेत. आले तर बाण दाबतांच निवड भलतीकडे उडते. प्रत्येक बटणास वर, खालीं, उजवीकडे, डावीकडे कोठें जावें, हें स्वतः तपासावें. शेवटीं, विषय संपल्यावर मेनूकडे परतण्याची आज्ञा प्रत्येक प्रकरणाअंतीं द्यावी. ती नसल्यास यंत्र काळा पडदा दाखवून थांबतें व तबकडी बिघडली असें पाहणारास वाटतें. एका मेनूंत ३६ बटणांपर्यंत मुभा आहे, पण रुंद १६:९ चित्रांत ती घटून १८ वर व कांहीं प्रसंगीं १२ वर येते. सहा-सात बटणांहून अधिक एका पानावर ठेवूं नयेत, हेंच बरें.

५. गुंफण व प्रकरणें

डीव्हीडीऑथरवर आधारलेले प्रोग्रॅम कधीं कधीं ‘काळाची खूण मागें सरकते, पुनः गुंफण करा’ अशा अर्थाची तक्रार करून थांबतात. याचा अर्थ इतकाच कीं, चित्र व ध्वनि यांच्या वेळेच्या खुणा क्रमानें वाढत नाहींत. दोन फिती नुसत्या जोडल्या असतां हें हटकून घडतें. चित्र व ध्वनि वेगळे करून त्यांची गुंफण नव्यानें केल्यास दोष जातो. चित्राचें पुनः संकोचन करण्याचें कारण पडत नाहीं.

प्रकरणाची खूण इच्छिलेल्या क्षणाच्या आधीं वा नंतर पडते, हीहि तक्रार नेहमींची. पॅलमध्यें पंधरापर्यंत चित्रांचा एक गट असतो व खूण गटाच्या आरंभींच बसूं शकते. म्हणून अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक फरक संभवतो. ओवीचा पहिला शब्द तुटूं नये, यासाठीं खूण एक सेकंद आधीं ठेवावी.

६. लेखन व पडताळा

प्रथम सर्व बांधणी संगणकावरील फोल्डरांत करावी, ती तेथेंच चालवून पाहावी व मग तबकडीवर लिहावी. फोल्डर दुसऱ्या फोल्डराच्या पोटांत पडला तर संगणक तो दाखवितो, घरचें यंत्र दाखवीत नाहीं. लिहिण्याचा वेग कमाल वेगाच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा, व लेखनानंतर पडताळा घेतल्याशिवाय मूळ फीत हातावेगळी करूं नये. रेकॉर्डर यंत्रावर केलेली तबकडी अन्यत्र चालत नसेल तर ती बहुधा ‘फायनलाइझ’ केलेली नसते. शक्य तर त्याच यंत्रांत घालून तें काम पुरें करावें. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवूं नये. तिनें तोल जातो. टोंकदार लेखणीनेंहि लिहूं नये.

७. पोथ्यांचीं पानें तबकडीवर

कांहीं संग्राहक पोथीच्या छायाचित्रांची मालिका करून ती डीव्हीडीवर ठेवितात व मूळ छायाचित्रें काढून टाकितात. हें अत्यंत अनिष्ट होय. दहा इंच रुंदीचें पान ७२० ठिपक्यांत बसविलें म्हणजे इंचास ७२ ठिपके आले. इंचास ३०० च्या छायाचित्रांत तेच ३,००० असतात. पडद्यावर पान ओळखूं येतें, पण वाचतां येत नाहीं. शोध व हरताळ यांचा भेद तर मुळींच कळत नाहीं. परिहार सोपा आहे. त्याच तबकडीवर व्हिडिओ-टीएसच्या शेजारीं दुसरा फोल्डर करून त्यांत मूळ छायाचित्रें ठेवावीं. घरचें यंत्र त्याकडे लक्ष देत नाहीं, संगणक तो उघडतो.

८. उपसंहार

या विद्येचीं साधनें झपाट्यानें मावळत आहेत. विंडोज डीव्हीडी मेकर हा प्रोग्रॅम विंडोजच्या ८ व्या आवृत्तीपासून वगळला गेला. ॲपलचा आयडीव्हीडी २०११ पासून नव्या संगणकांबरोबर येईनासा झाला. ॲडोबीचा एन्कोर सीएस६ च्या पुढें गेला नाहीं. डीव्हीडीस्टाइलर हा विनामूल्य प्रोग्रॅम उपयोगी पडतो, पण एका प्रोग्रॅमचा अर्धवट आराखडा दुसऱ्यास उघडत नाहीं. सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत लिहितां येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचें व मिनिडीव्ही फितींचें उत्पादन बंद केलें, यावरूनहि वारा कोणत्या दिशेचा आहे तें कळतें.

तेव्हां तबकडी ही पाहण्याची प्रत, जतन करण्याची नव्हे, हा विवेक संग्राहकांनीं ठेवावा. मूळ फीत, तिची पूर्ण गुणाची फाइल, मेनूचीं चित्रें व आयएसओ प्रतिमा हीं चारहि दोन निरनिराळ्या ठिकाणीं असावीं, व वर्षांतून एकदां उघडून पाहावीं. आणि जसें पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, स्थळ व शक आपण शोधतों, तसें मेनूच्या एका पानावर कोणीं गायिलें, कोठें, कोणत्या सालीं व कोणीं मुद्रित केलें, हें लिहिलेलें असावें. पुढील पिढीचा संशोधक प्रथम तेंच पान उघडील.