आधी आवाज, मग चित्र

पॉडकास्ट सुरू करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: एडिटिंगसाठी पैसे न मोजता कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? मी त्यांना त्यांचं सगळ्यात वाईट रेकॉर्डिंग घेऊन बसायला सांगते. पंखा फिरतोय, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होताहेत, एकाचा आवाज खणखणीत आणि दुसऱ्याचा पुटपुटल्यासारखा, असं काहीतरी. स्टुडिओतलं स्वच्छ बोलणं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चांगलंच वाटतं. पारख होते ती अशा अडलेल्या फाइलवर.

सध्या माझ्यासमोर अशीच एक फाइल आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात गेलेल्या एका काकांची मुलाखत. दोन कॉलर माइक, आणि चित्रासाठी स्टँडवर लावलेला मोबाइल. ऐन उन्हाळ्यातलं रेकॉर्डिंग, त्यामुळे पंखा बंद करणं शक्यच नव्हतं.

आवाजासाठी मी ऑडॅसिटी उघडते. १९९९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते लिहायला घेतलं. त्याचा सोर्स कोड आजही खुला आहे. २०२१मध्ये ते म्यूज ग्रुपकडे गेलं, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याच्या कलमांवरून मोठा गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. कोड खुला असल्यामुळे काहींनी त्याच्या वेगळ्या आवृत्त्याही काढल्या.

पंख्याची घरघर काढण्याची तिथली रीत सोपी आहे. काका बोलायचे थांबलेत आणि नुसता पंखा ऐकू येतोय, असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडायचा. ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन सॉफ्टवेअरला तो नमुना म्हणून द्यायचा. मग अख्खा ट्रॅक निवडून इफेक्ट लावायचा. किती आवाज घटवायचा याचा आकडा खिडकी उघडते तेव्हा आधीच भरलेला असतो. मी तो बराच खाली आणते, कारण घाव बसतो तो मराठी उच्चारांवर. ‘स’, ‘श’, ‘फ’ किंवा ‘साचा’मधला दंत्य ‘च’, हे सगळे हवेच्या घर्षणातून निघणारे आवाज. सॉफ्टवेअरला ते पंख्याच्या आवाजासारखेच भासतात. आकडा चढवला की पंखा जातो, पण ‘साचा’ पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. थोडा पंखा राहिला तरी चालेल, काकांचा ‘च’ जाता कामा नये. हेडफोन लावून हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ऑडॅसिटीच्या ३.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, बरेचसे इफेक्ट मूळ आवाजाला हात न लावता वरून चढवता-उतरवता येतात. नॉइज रिडक्शन त्यात बसत नाही, ते ट्रॅकच बदलून टाकतं. म्हणून आधी ट्रॅकची नक्कल करायची, नकलेवर काम करायचं आणि मूळ ट्रॅक म्यूट करून तसाच ठेवायचा.

चित्रही असेल तर या टप्प्यावर एकही सेकंद कापायचा नाही. इथे कापाकापी केली की आवाजाची लांबी बदलते आणि व्हिडिओतल्या ओठांशी तो पुढे जुळत नाही. शांतता आपोआप छाटणारा ‘ट्रंकेट सायलेन्स’ हा पर्याय मोहात पाडतो, पण अशा मुलाखतीला तो लावूच नये. उलटी अक्षरं वाचायची सवय कशी लागली हे सांगताना काका मध्येच थांबतात आणि समोर खिळ्यांची कप्प्याकप्प्यांची पेटी असल्यासारखे बोटांनी हवेतून खिळे उचलतात. नुसतं ऐकताना ती रिकामी जागा लांबते, व्हिडिओत मात्र बोलण्याइतकाच अर्थ तिच्यात आहे. कुठे कापायचं आणि कुठे थांबू द्यायचं, हे ऐकण्याच्या आणि बघण्याच्या आवृत्तीसाठी वेगवेगळं ठरवावं लागतं. ते काम यंत्रावर सोपवता येत नाही. साफ केलेला पूर्ण लांबीचा आवाज मी ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये काढते, कारण व्हिडिओचं प्रमाण तेच आहे.

चित्रासाठी सगळे पहिल्यांदा डाविंची रिझॉल्व्हचं नाव घेतात. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचं हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं, कोड मात्र बंद. २०१६मध्ये कंपनीने फेअरलाइट ही ऑडिओ कंपनी विकत घेतली, त्यामुळे त्यात आवाजाचंही उत्तम दालन आहे. बोलणं गोंगाटातून वेगळं काढणारी सोय मात्र विकतच्या आवृत्तीतच आहे. शिवाय विंडोजवर त्याला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. ज्यांच्याकडे असा संगणक आहे त्यांनी ते जरूर घ्यावं. कॉलेजच्या मुलांकडे असतो ८ जीबीचा लॅपटॉप. त्यांना मी केडेनलाइव्ह सुचवते. ते खुलं आहे, आणि जड फाइलची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करू देतं. तेही जड गेलं तर शॉटकट. दोन्ही एकाच एमएलटी नावाच्या पायावर उभी आहेत.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, मी आधी त्यात ‘दऱ्याखोऱ्या’, ‘किल्ल्यांचा’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द टाइप करते. ऱ्य तुटला, वेलांटी भलतीकडे गेली, तर मराठी शीर्षकांसाठी ते बाद. टायटल बाहेर चित्र म्हणून बनवून आणता येतं, पण दर भागाला हा उद्योग कोण करणार?

मोबाइलचा व्हिडिओ आणखी एका जागी अडवतो. फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम टिपेल असं नसतं, उजेड कमी झाला की संख्या घसरते. अशी फाइल थेट टाइमलाइनवर टाकली की आवाज आणि ओठ हळूहळू लांब जातात. केडेनलाइव्ह फाइल घेतानाच सावध करतं आणि ती बदलून द्यायची तयारी दाखवतं. नाहीतर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून आधीच बदलून घ्यावी. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळंही तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभराच्या गप्पांत काही फ्रेमचा फरक पडू शकतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून घ्यावी. पहिल्या टाळीवर आवाज बसवायचा, शेवटच्या टाळीवर फरक बघायचा आणि बोलणं थांबलेल्या एखाद्या जागी आवाज कापून तेवढा सरकवायचा.

शेवटी पातळी. ॲपल पॉडकास्ट्स उणे १६ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आवाज मागतं. ऑडॅसिटीच्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये आधीपासून उणे २३ लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण. आकडा न बदलता भाग चढवला तर रिक्षात बसून ऐकणाऱ्याला काका ऐकूच येणार नाहीत. आकडा बदलल्यावर काकांच्या मोठ्या हसण्यावर आवाज फाटतो का ते पाहावं. फाटत असेल तर लिमिटर उणे १ डेसिबलवर लावावा. त्यानंतर तयार भाग फोनच्या साध्या इअरफोनवर एकदा पूर्ण ऐकून मगच तो चढवावा.