घर किरायाचं, गळती कोणाची?

नागपुरातल्या किरायाच्या घरांचे वाद बरीच वर्षं 'सी. पी. अँड बेरार'च्या १९४९ च्या आदेशानुसार सुटत. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. पाव शतक उलटलं, तरी छत गळलं की भांडण ऐकीव नियमांवरच होतं. दोन-चार घरं किरायाने देणाऱ्यांनी आणि त्यांत राहणाऱ्यांनी निदान हे गैरसमज सोडावेत.

गैरसमज: राहतो किरायेदार, तेव्हा दुरुस्तीही त्याचीच.

वस्तुस्थिती: भाडेकरूने करारात वेगळं मान्य केलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं ही कलम १४ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. मात्र हे कलम भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. त्याच्या बाबतीत करारात काय लिहिलंय तेच आधी पाहिलं जातं. म्हणून स्लॅब, ड्रेनेज, वायरिंग, पाण्याची मोटर मालकाकडे आणि बल्ब, नळाचे वायसर, कूलरची सफाई राहणाऱ्याकडे, अशी वाटणी लिहूनच ठेवावी.

गैरसमज: ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती: कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. दुरुस्तीच्या अटी तोंडी ठरवणाऱ्या मालकाला हे महागात पडतं.

गैरसमज: मालक ऐकत नसेल तर किराया रोखावा, किरायेदार ऐकत नसेल तर पाणी तोडावं.

वस्तुस्थिती: दोन्ही अंगाशी येतं. भाडेकरूने आधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर ते स्वतः करून खर्च किरायातून वळता करता येतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच, आणि बिलं जपून. उलट पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट यांसारख्या सोयी सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काम बघायला मालकाला घरात जाता येतं, तेही आधी कळवून आणि योग्य वेळी.

गैरसमज: छत गळायला लागलं की वॉटरप्रूफिंग करू.

वस्तुस्थिती: नागपूरच्या गच्चीचं नुकसान पावसाआधीच सुरू होतं. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि बारीक भेगा पडतात. जूनमध्ये त्यांत पाणी शिरतं, सळ्या गंजतात, गंज फुगून काँक्रीटचे पोपडे सुटतात. खोलीत ओल दिसते ती या साखळीच्या शेवटी. शिवाय बहुतेक लेप ओल्या पृष्ठभागावर नीट धरत नाहीत. त्यामुळे पाहणी फेब्रुवारीत करावी आणि काम मेअखेर संपवावं. कोबा उन्हाळ्यातच घालायचा असेल तर पाणी मारण्यात कसूर नको, नाहीतर नवा कोबाही तडकतो.

भिंतींचं दुखणं वेगळं असू शकतं. शहराच्या पश्चिमेकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिथे भिंतीला तिरपी भेग वाढत असेल, तर पुट्टीवाल्याआधी इंजिनिअरला बोलवावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अशा भागात तळमजल्याचे स्विचबोर्ड आणि मोटरची जोडणी वर घेणं हे रंगकामाच्या आधीचं काम.

गैरसमज: इमारत भक्कम दिसते, तपासणी कशाला?

वस्तुस्थिती: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षं झालेली इमारत महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावी लागते. ही जबाबदारी मालकावर किंवा तिथे राहणाऱ्यावर आहे.

गैरसमज: दुरुस्तीची बिलं दाखवली की तेवढा कर वाचतो.

वस्तुस्थिती: किरायाच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. खर्च एक रुपया झाला असो वा लाखभर, आकडा बदलत नाही. नवी खोली, नवं प्लंबिंग अशा मोठ्या सुधारणांचा खर्च मात्र घर विकताना त्याच्या किमतीत धरता येतो, म्हणून ती बिलं वेगळ्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं सांभाळावीत. ३० टक्क्यांची सूट मिळते ती घरावर खर्च होणारच असं धरून. त्यातला काही भाग दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकला, तर गच्चीचं काम पैशांअभावी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावं लागत नाही.