संयुग्मित उष्णता संक्रमणाच्या प्रतिरूपणातील दोषशोधन

संयुग्मित उष्णता संक्रमण म्हणजे घन पदार्थ आणि त्याला लागून वाहणारा द्रायू (द्रव अथवा वायू) यांच्यातील उष्णतेच्या देवाणघेवाणीचा एकत्रित विचार होय. घनातील वहन व द्रायूतील अभिसरण यांची समीकरणे अशा वेळी एकत्र सोडवली जातात आणि दोहोंमधील सीमापृष्ठावर तापमान व उष्णता-प्रवाह दोन्ही बाजूंनी जुळवले जातात. टी. एल. पेरेलमन यांनी १९६१ साली या प्रकारच्या गणितांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. संगणकातील हीट सिंक, वायू टर्बाइनची पाती, वाहनाचा रेडिएटर यांची तापमाने प्रत्यक्ष नमुना घडवण्यापूर्वी संगणकीय प्रतिरूपणाने, म्हणजे सिम्युलेशनने, काढली जातात. त्यात चूक राहिली तर कागदावर सुरक्षित ठरलेला भाग वापरात जळू शकतो.

उष्णतेचा ताळेबंद

चुकलेले प्रतिरूपण दर वेळी बंद पडतेच असे नाही. अनेकदा ते विश्वसनीय वाटणारे रंगीत चित्रच देते. समीकरणांतील अवशेष घटत गेले, तरी तेवढ्यावरून उत्तराची अभिसारिता सिद्ध होत नाही. (अभिसारिता ही गणिती संज्ञा असून तिचा उष्णतेच्या अभिसरणाशी संबंध नाही.) पहिली तपासणी हातानेच करता येते. हीट सिंकमध्ये ५० वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि त्यावरून दर सेकंदाला ०.०१ किलोग्रॅम हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा स्थिर अवस्थेत सुमारे ५ अंश सेल्सियसने तापलेली असली पाहिजे. ती जेमतेम १ अंशाने तापलेली दिसल्यास उरलेली उष्णता कोठे अडली, हे शोधावे लागते.

घनाचे तापमान अखंड वाढत असून हवा मात्र थंडच राहत असेल, तर दोन्ही क्षेत्रे सीमापृष्ठावर जोडलीच गेली नसल्याचा संशय घ्यावा. न जोडलेली भिंत अनेक प्रणाली उष्णतारोधी मानतात. एककांची गफलतही अशीच फसवी असते. एसटीएल या प्रकारच्या आकृती-धारिकेत एककाची नोंद नसते. मिलिमीटरचे आकडे मीटर म्हणून वाचले गेले, तर घनफळ १०० कोटी पटींनी वाढते.

सीमापृष्ठावरील वाहकता

ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे २०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर हवेची केवळ ०.०२६ असते. शेजारच्या दोन सारख्या कोष्ठकांमधील वाहकता म्हणून साधी सरासरी घेतल्यास १०० हा आकडा मिळतो, म्हणजे हवेचा अडथळा गणितातून जणू नाहीसाच होतो. हरात्मक सरासरी घेतल्यास ०.०५२ मिळते. फरक जवळजवळ २,००० पटींचा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सुहास पाटणकर यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथात हरात्मक सरासरीचा पुरस्कार केला. स्वतः आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब सर्वांत आधी पाहावी.

वेगळ्या कालगती

एका बाजूने संथ हवेने थंड होणाऱ्या ५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा कालांक साधारण २० मिनिटे येतो. सेकंदाला १ मीटर वेगाची हवा मात्र १० सेंटिमीटर लांबीची पट्टी ०.१ सेकंदात ओलांडते. हवेला साजेशा बारीक कालपावलांनी गणित चालवले, तर घनाचे तापमान प्रत्येक पावलाला इतके थोडे बदलते की ते स्थिरावल्याचा भास होतो. केवळ अंतिम स्थिर अवस्था हवी असेल, तर घनाची उष्णताधारकता कृत्रिमरीत्या कमी करता येते. स्थिर अवस्थेच्या समीकरणात ती राशी येतच नाही. काळानुसार होणारा बदल अभ्यासायचा असल्यास ही युक्ती वर्ज्य आहे.

तापमान वरखाली हेलकावत वाढत गेले, तर देवाणघेवाणीची दिशा तपासावी. द्रायूला भिंतीचे तापमान आणि घनाला उष्णता-प्रवाह देणे सामान्यतः स्थिर ठरते, असे माइक जाइल्स यांनी १९९७ साली दाखवले.

एवढे करूनही मोजलेले तापमान गणितापेक्षा कमी भरल्यास प्रारण वगळले गेले आहे काय, हे पाहावे. पंखा नसलेल्या काळ्या हीट सिंकमध्ये प्रारणाचा वाटा अभिसरणाच्या तोडीचा असू शकतो. चकचकीत ॲल्युमिनियमच्या बाबतीत तो नगण्य राहतो.