दत्तक बाळ आणि एकटी आई

श्रोतेहो, ‘दत्तक’ हा शब्द कानांवर पडला की आपल्या मनात अजूनही जुनीच चित्रे उभी राहतात. गादीला वारस हवा, वतनाला मालक हवा, श्राद्धाला पिंड देणारा हवा. म्हणून भाऊबंदांतला एखादा मुलगा मांडीवर घ्यावयाचा, होम करावयाचा आणि पेढे वाटावयाचे. मूल घेतले जाई ते घराण्यासाठी. दत्तक घेणारी विधवा असली, तरी तो मुलगा तिच्या मृत पतीचा म्हणून दत्तक होई. आई म्हणून तिची स्वतःची हौस किंवा माया कायद्याच्या हिशेबात नव्हतीच.

आज मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. लग्न न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित अशी एखादी बाई स्वतःच्या नावाने एक तान्हे मूल घरी आणते. वारसासाठी नव्हे, तर मुलाला आई हवी आणि तिला मूल हवे म्हणून. अशी घरे आता आपल्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागली आहेत. त्या घरात दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे आपण समजून घ्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू.

ही गोष्ट अगदी कालची आहे असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेला एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. तो पुढे डॉक्टर झाला. कायदा मात्र पुष्कळ मागून आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने एकट्या हिंदू स्त्रीला स्वतःच्या हक्काने मूल दत्तक घेण्याची मोकळीक दिली. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या एकट्या व्यक्तीला मूल घेता येते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही चालते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही. पुढे मी ‘आई’ म्हणेन तेथे अशा पुरुषाने खुशाल ‘बाप’ असे वाचावे. रात्रीचे दूध दोघांनाही सारखेच करावे लागते!

समजा, तुमच्याच तालुक्यात छत्तीस वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत. आपण त्यांना नुसते ‘बाई’ म्हणू. बाईंनी मूल आणावयाचे ठरविले, तर वाट अशी: केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला ‘कारा’ म्हणतात तिकडे, रीतसर नोंदणी करावयाची. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल, तर एकट्या पालकाचे वय चाळिसाच्या पुढे असता कामा नये, आणि पालक व मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. मग समाजकार्यकर्ती घरी येते. घर, मिळकत, प्रकृती, शेजारपाजार पाहते. ‘तुमचे काही बरेवाईट झाले तर मुलाला कोण पाहील?’ असा प्रश्नही विचारते. एकट्या पालकाला या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावेच लागते. भाऊ, बहीण, कोणी तरी जवळचे माणूस ही जबाबदारी लेखी पत्करते. विचारलेले कठोर वाटते खरे. पण ज्या मुलाचा आधार एकदा सुटला, त्याचा दुसऱ्यांदा सुटू नये म्हणून ही काळजी आहे.

त्यानंतर वाट पाहणे. ते महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावे लागते. अशा वेळी कोणी तरी कानात सांगतो, ‘अमक्या दवाखान्यात एक बाळ आहे, थोडे पैसे द्या, काम होऊन जाईल.’ श्रोतेहो, या वाटेला चुकूनही जाऊ नका. मुलाची खरेदी किंवा विक्री हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शिवाय असे मूल कायद्याने तुमचे होतच नाही. गावात एखादे मूल टाकलेले आढळले किंवा एखाद्या आईला ते सांभाळणे अशक्य झाले, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. जिल्ह्याची बाल कल्याण समिती पुढचे पाहते. मूल स्वाधीन करणाऱ्या आईलाही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. म्हणूनच दत्तक येणारे बाळ सहसा काही महिन्यांचे होऊनच घरी येते.

येथून बाईंचा खरा दिवस सुरू होतो. काही महिन्यांचे बाळ म्हणजे कोरी पाटी नव्हे, बरं का! संस्थेत त्याला ठरावीक वेळी दूध मिळत होते, रात्री दिवा जळत होता, बाजूला दहा पाळण्यांचा आवाज होता. आपल्या शांत, काळोख्या माजघरात ते दचकून रडते. कधी उलट होते: रडावे तेव्हा ते रडतच नाही, नुसते आढ्याकडे बघत राहते, आणि आपण म्हणतो ‘किती गुणाचं बाळ!’ पण बोलावून लगेच कोणी येत नसले, की मूल बोलावणेच सोडते. अशा शांत बाळाजवळ जास्त जावे, त्याला जास्त उचलावे. बाळ आणताना संस्थेतल्या सांभाळणाऱ्या ताईंना चार गोष्टी विचाराव्या: दूध कोणते आणि किती वाजता, निजते कसे, काय केले की शांत होते, लशी कोणत्या झाल्या. त्याच्या अंगाखालचे एक दुपटे न धुता मागून घ्यावे. नव्या घरात तेवढा एक ओळखीचा वास सोबत येतो.

आता दुधाचे. बाळ बहुधा डब्यातल्या पावडरीच्या दुधावर असते. पाणी उकळून घ्यावे, वाटी-चमचा उकळावा, डब्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी आणि तेवढीच पावडर घ्यावी, माप सपाट भरावे. डबा महाग म्हणून दूध पातळ करणे ही काटकसर नव्हे, उपासमार आहे. उरलेले दूध तासाभरापुढे ठेवू नये, टाकून द्यावे. वर्षाच्या आत वरच्या दुधाची जागा गाईम्हशीच्या दुधाला देऊ नये, मधाचे बोटही चाटवू नये. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे सुरू करावे. अंगणवाडीत नाव घालावे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यावयाचा आहार तेथे मिळतो आणि वजनही होते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. बाळ दूधच घेईना, धाप लागली, झटका आला किंवा हाक मारूनही जागे होईना, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

यात अवघड काही नाही, असे तुम्ही म्हणाल. एकेक काम अवघड नाहीच. अवघड आहे ते सगळे एकाच माणसाने करणे. नवराबायको असतात तिथे एक जण बाळ धरतो, दुसरा पाणी तापवतो. बाईंना बाळ रडत असतानाच पाणी तापवावे लागते. रात्री दोन वाजता, मग पाच वाजता, आणि सकाळी शाळा. म्हणून एकट्या पालकाने रात्री निजण्यापूर्वी उद्याची तयारी करून ठेवावी: उकळून गार केलेल्या भांड्यांचा झाकलेला संच, मोजणीचा चमचा, चार कोरडी दुपटी, हाताशी विजेरी. आणि तीन दारे आधी ठरवून ठेवावी. एक दार रात्री-अपरात्री ठोठावता येईल असे, दुसरे तासभर बाळ ठेवता येईल असे, तिसरे पैशाची नड भागवील असे. तिन्ही कामांसाठी एकाच दाराशी जाऊ नये, माणसे थकतात.

रजेचा प्रश्न असाच. २०१७ सालच्या दुरुस्तीने दत्तक आईची बारा आठवड्यांची भरपगारी रजा मातृत्व लाभाच्या कायद्यात आली. पण तीत मूल तीन महिन्यांहून लहान असण्याची अट घातली होती. आणि वर सांगितलेच आहे की, मूल घरी येईपर्यंत बहुतेक वेळा तेवढे दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून आपल्या खात्यात कोणता नियम लागू आहे, याची लेखी चौकशी मूल येण्याच्या पुष्कळ आधी करून ठेवावी.

आता गावाकडे वळू. घरात बाळ आले की माणसे पाहावयास येतात, हा आपला चांगला रिवाज. जो तो बाळ उचलून घेतो. पण या बाळाने आजवर पुष्कळ हात पाहिलेले आहेत. आपले माणूस कोणते, हेच त्याला अजून उमगलेले नाही. म्हणून पहिले काही आठवडे न्हाऊ घालणे, दूध पाजणे आणि निजवणे ही तीन कामे शक्यतो एकट्या आईनेच करावी. याचा अर्थ शेजाऱ्यांनी दूर राहावे असा नाही. त्यांनी बाळ धरण्याऐवजी घर धरावे! पाणी भरून द्यावे, भाकरी टाकून द्यावी, दुपटी धुऊन वाळत घालावी.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. बाळंतिणीला आपण काय काय देतो! डिंकाचे लाडू, शेकशेगडी, अंगाला तेल, सव्वा महिन्याचा विसावा. दत्तक आईला यातले काही मिळत नाही. कारण तिचे कुठे बाळंतपण झाले आहे? पण जागरणे तीच आहेत. कितीतरी वर्षे वाट पाहून बाळ आले आणि तरी रडू येते, काही गोड लागत नाही, ‘आपल्याला हे झेपणार का?’ असे वाटते. हा कृतघ्नपणा नाही आणि मायेची उणीवही नाही. माया पहिल्याच दिवशी कोंभासारखी वर येते, असा नेम नाही. रोजच्या दुधापाण्यानेही ती रुजते. दोन आठवडे असे मळभ राहिले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. शेजारणीने मात्र त्याआधीच लाडवांचा डबा घेऊन जावे.

आणि प्रश्न! ‘कुणाचं आहे?’ ‘जात कोणती?’ ‘खरी आई कुठे असते?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण कायद्याचे उत्तर स्वच्छ आहे. दत्तकाचा आदेश झाला की ते मूल सर्व बाबतींत, वारसाहक्कासुद्धा, जन्मलेल्या मुलासारखेच त्या आईचे होते. तेव्हा खरी आई म्हणजे रात्री दोन वाजता उठणारी. जिने जन्म दिला तिला ‘जन्मदाती’ म्हणावे आणि तिच्याविषयी वाईट बोलू नये. कारण बाळ मोठे झाल्यावर ते शब्द ऐकणार आहे.

मुलाला सांगावयाचे केव्हा? बरेच जण म्हणतात, मोठे झाल्यावर सांगू. पण गावात कोणतीही गोष्ट बारा वर्षे झाकून राहत नाही. भांडणात कुणी तरी बोलून जातो, आणि मग मुलाला दोन दुःखे होतात: एक कळल्याचे, दुसरे आईने लपविल्याचे. म्हणून पाळण्यात असल्यापासून सांगावे. ‘तू दुसऱ्या आईच्या पोटी आलास आणि मी तुला घरी आणायला आले,’ ही गोष्ट चिऊकाऊच्या गोष्टीबरोबरच रोज कानांवर पडू द्यावी. कधी कळले, हे त्याला आठवूच नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे बाळ पाच-सहा वर्षांनी तुमच्या वर्गात येणार आहे. ‘माझे बाबा’ या विषयावर दहा ओळी लिहा, वंशवृक्ष काढा, जन्मल्या दिवसाचे छायाचित्र आणा, असे आपण सहज सांगतो. त्याऐवजी ‘माझ्या घरातील माझे आवडते माणूस’ असा विषय दिला, तर निबंध काही वाईट होत नाही. नाव नोंदवताना बापाच्या नावासाठी अडून बसू नका. एकट्या आईला पित्याच्या संमतीवाचून पालक होता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच दिला आहे. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आधी लिहावयाचे असा शासनाचा निर्णय आहे. आणि मधल्या सुट्टीत कुणी त्याला चिडविले, तर वर्गात सर्वांदेखत त्याच्यावर भाषण देऊ नका. चिडविणाऱ्याला बाजूला घेऊन समजावा.

श्रोतेहो, एकट्या आईचे घर अपुरे आहे, असे समजून कणव करण्याचे कारण नाही. तेथे एक माणूस कमी आहे, हे खरे. ते माणूस शेजाराने थोडे थोडे भरून काढावयाचे आहे. तेव्हा तुमच्या आळीत असे बाळ येईल, त्या दिवशी ‘कुणाचं?’ हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळून टाका आणि विचारा, ‘बाई, पाणी भरून ठेवू का?’